अकराव्या नोडवरचा आवाज

नदीकाठी, ब्रह्मा घाटावरच्या आमच्या घरात बसून मी एका दूरच्या कंपनीची यंत्रं सांभाळते. ती मी कधी डोळ्यांनी पाहिलेली नाहीत. एकमेकांत कामं वाटून घेणाऱ्या या यंत्रांच्या गटाला आम्ही क्लस्टर म्हणतो आणि त्यातल्या प्रत्येकाला नोड. गेल्या वर्षी सगळ्या नोड्सवरची ऑपरेटिंग सिस्टीम कालबाह्य ठरली. मग एकेक जुना नोड घ्यायचा, त्याच्याकडे नवं काम येणं थांबवायचं, हातातलं काम नव्या नोडवर जाऊ द्यायचं आणि जुन्याला कायमचं पुसून टाकायचं, असं सुरू झालं.

नोडच्या स्वतःच्या डिस्कवर जपण्यासारखं काहीही ठेवू नका, हे मी महिनाभर टीमला इतक्या चढ्या सुरात बजावलं होतं, की मी तोंड उघडलं की लोक गालातल्या गालात हसायचे.

त्या दुपारी अकरावा, शेवटचा नोड रिकामा केला. डिस्कवरचं सगळं जाईल, चालेल का, असा प्रश्न स्क्रीनवर आला. मी सवयीनं हो म्हटलं, पुसून टाकला, आणि चहा ठेवायला उठले. स्वयंपाकघराच्या दारातच थबकले. त्या नोडवर बाबांचा आवाज होता.

बाबा वैदिक. काही वर्षांपूर्वी, त्यांचा दम चांगला होता तेव्हा, मी त्यांचं वेदपठण फोनवर टिपून घेतलं होतं. मागून माकडांचा धिंगाणा आणि होड्यांच्या इंजिनांची फटफट ऐकू यायची. ते आवाज काढून टाकायला मी फायली चाचणीसाठी ठेवलेल्या या अकराव्या नोडवर चढवल्या. तात्पुरत्या, आणि ऑफिसला न विचारता. पुढे फोनही बदलला. लोका सांगे ब्रह्मज्ञान, आपण कोरडे पाषाण. तास दोन तास शोधलं, प्रत कुठेच नव्हती. हल्ली दोन ओळींत बाबांना धाप लागते. त्यांचा तो भरलेला आवाज आता कुठेच उरला नव्हता, आणि तो मीच पुसला होता.

बाबा गच्चीवर बसले होते. सांगताना मला रडू आवरेना.

"सगळंच गेलं?"

"सगळं."

"मग इतकी परेशान काय होतेस? मशीनवरचं गेलं. माझ्याकडचं आहे अजून."

"पण तुमचा आवाज, बाबा."

आमच्याकडे वेदाची संथा मुलांनाच मिळत आली. गुरूनं एकदा म्हणायचं, शिष्यानं ऐकून दोनदा. भावाला मिळाली. मी जिन्यात बसून ऐकत मोठी झाले. एरवी कशावरूनही भांडणारी मी त्यावरून कधीच भांडले नाही, याचं मला आज वाईट वाटतं.

"समोर बैस," बाबा म्हणाले. "मांडी घाल. तुला दिली नाही, ही माझी चूक."

त्यांनी एक चरण म्हटला. मधेच खोकला आला, म्हणून पुन्हा पहिल्यापासून म्हटला. मी म्हणू लागले तसा त्यांनी माझ्या डोक्यावर हात ठेवला आणि संथा घेणाऱ्या लहान मुलांची हलवतात तशी माझी मान स्वरांबरोबर वर-खाली हलवली. दुसऱ्यांदा म्हणताना माझा आवाज फाटला आणि मी थांबले.

"फाटू दे," ते म्हणाले. "स्वर चुकला नाही."