लाकडाची आजी

सागाचा भुसा नाकात गेला की भूकंपानंतरचं आमचं लातूरचं पत्र्याचं घर आठवतं. तिथं माझी नात घडाघडा वाचायची, पण काय वाचलं ते तिला सांगता यायचं न्हाई. क्लासवाले सर म्हणाले, "ही न्हाई शिकायची, घरी बसवा." मी म्हणालो, "मी जिता हाय तवर न्हाई बसायची." मग शाळेतल्या बाईंनी सुचवलं, "आबा, धड्यातली माणसं लाकडाची करून द्या. पोरगी ती हलवत वाचंल." मी सुतार माणूस, घर, बाजार, आजा, आजी, सगळं कोरलं. नात हसली, "आबा, ही आजी लंगडी कामून?" भूकंपात गेलेली माझी बायको लंगडायची; हातानं आपसूक तशीच घडवली होती. म्हणालो, "गप वाच." तिनं वाचत वाचत आजीला बाजाराला नेलं. "संध्याकाळी आजी घरी परतली," असं वाचून परत आणलं. आजी उभी राहीना, तर पोरीनं तिला आज्याला टेकवलं आन् पुस्तक मिटून सगळी गोष्ट सांगितली. मी तोंड फिरवून रंधा मारत बसलो. आता नात नांदेडला सासरी हाय. बाकी सगळा खेळ तिनं नेला. आजा-आजी तेवढी मी दिली न्हाईत. अजून तशीच टेकून हायेत.