होगब्याड

भुताखेतांच्या गोष्टींची आमच्या घरात सर्वात जास्त टिंगल मीच करते. पेशाने डॉक्टर, त्यात स्वभाव भांडकुदळ. त्यामुळे हे लिहिताना मलाच माझा राग येतोय... पण सांगते.

नांदेडच्या एका खाजगी दवाखान्यात माझी इमर्जन्सी ड्युटी होती. भर दुपार. दत्तराव नावाचे साठीचे शेतकरी ताप-खोकल्याने बेजार होऊन आले. एक्स-रेत न्यूमोनियाचा डाग. असा पेशंट ठेवायचा की घरी पाठवायचा, याचा आमचा एक हिशोब असतो — वय, श्वास, बीपी, रक्ताचा रिपोर्ट आणि भान. रिपोर्ट जरा वर होता, बाकी ठीक. भानही ठीक असेल तर गोळ्या देऊन घरी. तसाही बेड एकही रिकामा नव्हता.

"घरीच नेतो मॅडम," त्यांची बायको म्हणाली. "भाईर जीप थांबलीय."

मी पेन उचललं आणि दत्तरावांनी माझं मनगट धरलं.

"होगब्याड, पुट्टी."

जाऊ नको, पोरी. मी उदगीरची, आमच्या घरात कानडी बोलतात. हेही बॉर्डरकडचे असतील, असं समजून मी सवयीने "होगल्ला" म्हणाले — नाही जात — आणि कागदावर डाव्या हाताने कसंबसं लिहिलं, भान ठीक.

मनगट मात्र सुटेना. तापाने गळालेल्या माणसात एवढा जोर कुठून आला? पाठीशी भिंत, समोर ती मूठ, पडद्यापलीकडे दुसऱ्या पेशंटची आरडाओरड. मलाच श्वास पुरेना. खरं सांगते, मी घाबरले.

"हे काय बोलून राहिले मॅडम?" बाई म्हणाल्या.

"कानडी. तुम्हाला येत नाही?"

"न्हाई ओ. आमी उमरीचे. आमच्यात कोणालाच कानडी येत न्हाई."

न येणारी भाषा, म्हणजे तापातलं बरळणं. मी 'ठीक' खोडलं. 'भान नाही' लिहिलं आणि म्हणाले, "ॲडमिट करा." तेव्हा कुठे मूठ सुटली.

पॅसेजमध्येच स्ट्रेचर लावला. संध्याकाळच्या आत त्यांचा ऑक्सिजन धाडकन खाली आला, व्हेंटिलेटर लावावा लागला. जीपमध्ये असते तर वाटेतच गेले असते.

मला पुट्टी फक्त माझे आज्जा म्हणायचे, वडिलांचे वडील. त्यांनाही ताप-खोकलाच होता, त्यांनाही डॉक्टरांनी गोळ्या देऊन घरी पाठवलं होतं. सकाळी मी शाळेला निघाले तेव्हा त्यांनी हेच मनगट धरून हेच म्हटलं होतं. आईने हात सोडवला. मी शाळेतून परतले तेव्हा दारात चपलांचा ढीग होता.

दत्तराव बरे झाले. मी मुद्दाम कानडीत विचारलं, कसे आहात? ते बायकोकडे बघून म्हणाले, "मॅडम काय म्हून राहिल्या?"

सोबतचे डॉक्टर म्हणतात, तापातली बडबड, कुठेतरी ऐकलेले शब्द. असेलही. पण पुट्टी हे माझं नाव नांदेडात कुणालाच माहीत नाही. एवढंच कळतं, की त्या कागदावर माझ्या अक्षरात 'भान नाही' लिहिलंय आणि ते मला खोटं वाटतं.