कंपनीची बाई

आमचा गाण्यांचा डबा वायफायवर चालतो. तो मुका झाला की दिव्याहून डोंबिवलीला कंपनीचे एक दादा दुरुस्तीला येतात. आधी डब्याला थोपटून "झोपलास काय रे?" म्हणतात, मग राउटर बंद करून चालू करतात. माझ्याकडे बघून कधी बोलत नाहीत, त्यामुळे मला बरे वाटते.

परवा डबा सुरू झाला आणि त्यातून माझाच आवाज आला! मी लपून फोनमध्ये रेकॉर्ड केलेली ओवी त्यातल्या बाकीच्या गाण्यांबरोबर डब्यात गेली होती. मी ओट्याशी थिजले.

"कोण रे ही?" सासूबाईंनी विचारले.

दादांनी पहिल्यांदाच माझ्याकडे पाहिले. "कंपनीची बाई आहे, आजी. टेस्टिंगला असते."

आता रोज संध्याकाळी सासूबाई म्हणतात, "अगं, ती कंपनीची बाई लाव. बरी गाते मेली."