नाणं उशिरा पडलं

परळच्या चाळीतून कांदिवलीला निघालो तेव्हा टेम्पोत एक स्टोव्ह, एक बायको आणि चार हत्तींच्या वजनाचा माझा ताठा होता. मी वेगळं बिऱ्हाड करणं बाबांना मंजूर नव्हतं. गॅलरीतून ओरडले, "जातंस तर जा! परत तोंड दाखव नको!" आई जिन्यापर्यंत आली. "रविवारी सकाळी धा वाजता शेजारच्या शेट्येंकडे फोन कर, झिला. मी बसान थंय."

चाळकऱ्यांनो, तुम्हीही पुढे नाहूर-गोरेगावला पांगलात, म्हणून तुम्हालाच सांगतो. तेव्हाची कांदिवली काय विचारता! डास असे दांडगे, की माणसाची चादर ओढून स्वतः झोपायचे. स्टेशनबाहेर भिंतीवर नाणं टाकायचा फोन, लाकडी पेटीचा, बहुधा रामायणातला. त्याची खोड अशी, की पलीकडचा बोलला की आपल्याला ऐकू यायचं. पण नाणं टाकेपर्यंत त्याच्यासाठी आपण मुके.

मी ती खोडच वापरली. दर रविवारी नंबर फिरवायचो, नाणं मुठीत दाबून. आधी बाबांनी बोलवावं, मग मी बोलेन, असा हट्ट. आईनं पहिल्याच वेळी ओळखलं. "तूच मां रे? जेवलंस?" मग ती एकटीच बोलायची. बांगडे महागले, नळ गेला, बाबांचा खोकला वाढला. शेवटी, "नाणा टाक रे मेल्या." दोन वर्षं मी टाकलं नाही.

एका रविवारी फोन बाबांनी उचलला. फोनला विंचू समजणारा माणूस! आधी नुसता खोकला. मग, "बाबू?" थोड्या वेळानं, "येतंस काय रे घराक?"

घामानं नाणं निसटलं, गटाराकडे घरंगळलं. मी रांगत जाऊन उचललं, फटीत घातलं. ते आत पडायच्या आधीच बाबा आईला म्हणाले, "बोलूचा नाय तर रवांदे," आणि फोन ठेवला. खट्ट.

पुढच्या रविवारच्या आत ते गेले. त्यानंतर आईनं कधी मला नाणं टाक म्हटलं नाही.

परवा गोरेगावच्या एका झकास हॉटेलात गेलो होतो. भिंतीवर तसाच लाकडी फोन, पॉलिश मारलेला. पोरी सेल्फी काढतायत. मी उठलो, नाणं टाकलं. म्हटलं, "बाबा, येतो."

"अंकल, चालू नहीं है, शोपीस है," वेटर म्हणाला.

चाळ पाडून तिथं टॉवर आलाय. कांदिवलीत माझ्या नावाचा फ्लॅट आहे, लिफ्टसकट. पण कोणी घर कुठं विचारलं, की मला तो खट्टच ऐकू येतो.