मुंगीच्या साठ फेऱ्या

आमच्या बारा मजली इमारतीची लिफ्ट सांभाळणारा मेकॅनिक तळमजल्यावर राहतो, पंपाच्या खोलीला लागून असलेल्या दोन खोल्यांत. त्याची बायको घरीच शाळेचे गणवेश शिवते. त्यांची एकुलती एक मुलगी म्हणजे मुंगी. हे नाव तिला घरच्यांनी नाही, शाळेतल्या खेळाच्या सरांनी दिलं. शर्यतीत ती कधी पहिली आली नाही, दुसरीही नाही. पण बाकीची पोरं धापा टाकत कडेला बसली तरी ही आपली मैदानाला फेऱ्या मारतच असायची. सर म्हणाले होते, "ससे मी ढिगाने पाहिलेत. ही मुंगी आहे."

सर मोठे कडक. एका शिट्टीवर दोनशे पोरं जागच्या जागी उभी करायचे. मुंगी नववीत असताना एका सकाळी त्यांनी शिट्टी ओठांत धरून फुंकली, तर नुसती हवा निघाली. पुन्हा फुंकली, पुन्हा फुस्स. रांगेतून कोणीतरी फिस्सकन हसलं आणि मग सगळं मैदान हसलं. सरांनी शिट्टी रुमालाने पुसली, खिशात ठेवली आणि हाताने खूण करून कवायत सुरू केली.

काही महिन्यांत त्यांना शर्टाची बटणं लावता येईनात. अंगातले स्नायू एकेक करून निकामी करत नेणारा आजार निघाला. त्याला औषध नव्हतं. सरांच्या मागेपुढे कोणी नव्हतं, म्हणून त्यांना गावाबाहेरच्या सेवाघरात ठेवलं. बरी न होणारी माणसं तिथे शेवटपर्यंत सांभाळतात, लोकांच्या देणगीवर.

मुंगी दर गुरुवारी सायकलवरून तिथे जाऊ लागली. पहिल्या दोन वेळा ती नुसती पलंगाशेजारी बसून आली. तिसऱ्या वेळी मात्र तिने मान खाली घालून सांगून टाकलं, "सर, त्या दिवशी शिट्टी वाजली नाही ना, तेव्हा सगळ्यात आधी मी हसले होते."

सरांना एव्हाना एकेक शब्द ओढून काढावा लागत होता. ते म्हणाले, "माहीत आहे. तुझं हसणं ओळखतो मी." मग बराच वेळ श्वास गोळा करून म्हणाले, "पळताना हसू नको. दम लागतो."

हे तिनेच मला पुढे कधीतरी सांगितलं. मी सातव्या मजल्यावर राहतो, आणि मी फारसं बोलत नाही, म्हणून मला पुष्कळ गोष्टी ऐकायला मिळतात.

सेवाघरातल्या सिस्टरने तिला एक यंत्र दाखवलं. छातीत जोर उरला नाही की माणसाला साधं खोकताही येत नाही. कफ आतच साठतो आणि तोच जीव घेतो. हे यंत्र छातीत हवा भरतं आणि झटक्यात ओढून घेतं, म्हणजे खोकण्याचं काम तेच करतं. सेवाघरात असं एकच यंत्र होतं, नऊ जणांत मिळून, आणि तेही निम्मा वेळ दुरुस्तीला. मुंगीने किंमत विचारली. सिस्टरने सांगितली आणि वर म्हणाली, "तू अभ्यास कर बाई."

मुंगीने ऐकलं नाही. दोरीवरच्या दहा हजार उड्या मारेन, तुम्ही सेवाघराला यथाशक्ती द्या, असा कागद तिने शाळेच्या फाटकावर चिकटवला. उड्या मारल्या. पोटऱ्यांत गोळे आले, पण मारल्या. मग एका रविवारी दिवस उगवल्यापासून मावळेपर्यंत तळ्याभोवती सायकल चालवली. तिची आई करवादायची, "दान मागायचं तर हात जोडून माग ना. पाय कशाला तोडून घेतेस?"

"नुसते हात जोडले तर लोक दार लावून घेतात, आई."

तरीही यंत्राएवढी रक्कम जमेना. तेव्हा तिने तिसरं ठरवलं. आमचा जिना तळापासून बाराव्यापर्यंत साठ वेळा चढायचा, एका दमात, एकाच दिवशी. उतरताना गुडघे जातात, म्हणून उतरायला लिफ्ट. त्या दिवशी तिचे वडील स्वतः लिफ्ट घेऊन वर थांबणार होते. येणाऱ्या-जाणाऱ्याला म्हणायचे, "लोकांना जिना चढायला लागू नये म्हणून जन्मभर राबलो, आणि घरात हे रत्न निघालं!" म्हणताना छाती मात्र वीतभर फुगलेली.

इमारतीतल्या लोकांनी पैसे आधीच देऊन ठेवले होते. सकाळी सहाला ती निघाली. मी सातव्या मजल्यावर स्टूल टाकून पाण्याचे पेले भरून बसलो होतो. विसाव्या फेरीपर्यंत ती मान हलवून पुढे जायची. तिसाव्यानंतर कठड्याला धरून चढू लागली. लहान पोरं दोन-दोन मजले तिच्याबरोबर धावायची आणि दमून परत फिरायची. खाली वॉचमन खडूने भिंतीवर रेघा ओढत होता.

दहा वाजून गेल्यावर आईच्या फोनवर सेवाघरातून निरोप आला. सर गेले होते. सकाळी कफ अडकला, आणि यंत्र दुरुस्तीला गेलेलं.

मी भिंतीवरच्या रेघा बघायला खाली उतरलो होतो, म्हणून पुढचं माझ्या देखत झालं. वडील हळूच म्हणाले, "आता नको सांगू. थोड्याच राहिल्यात. पुऱ्या होऊ देत, मग सांगू."

आईने फोन कमरेला खोचला. मग म्हणाली, "अहो, तिच्यापासून लपवून तिला चढवत ठेवायचं? ती काय घाण्याला जुंपलीय? आपली पोर आहे ती."

एवढ्यात पलीकडच्या नळावर तोंडावर पाणी मारून मुंगी एकेचाळिसाव्या फेरीसाठी वळली. वडिलांना लिफ्ट घेऊन वर जावंच लागलं. ती खाली येईपर्यंत आई दाराशी उभी होती. लिफ्टमधून वडील आधी बाहेर आले, आणि आईचं तोंड पाहूनच मुंगी थबकली. आईने तिचे दोन्ही हात धरले आणि सांगितलं. आडपडदा ठेवला नाही.

मुंगी वॉचमनच्या बाकावर बसली. तिने बूट काढले, मोजे काढले. टाचांचे फोड फुटून मोजे चिकटले होते. कोणीतरी म्हणालं, "पुऱ्या कर पोरी, सरांना तेच आवडलं असतं." तिने आईच्या चपला पायात सरकवल्या आणि म्हणाली, "बाबा, मला तिकडे न्या."

दोन दिवसांनी लिफ्टशेजारी तिच्या अक्षरातला कागद लागला: "साठ फेऱ्या झाल्या नाहीत. एकेचाळीस झाल्या. ज्यांना पैसे परत हवे असतील त्यांनी आमच्या घरी यावं." इमारतीत कुजबुज झाली. चौथ्या मजल्यावरचे गृहस्थ खरंच गेले आणि आपली नोट परत घेऊन आले. मला त्यांचा राग आला. मुंगीला आला नाही. "मी दिलेला शब्द मोडला काका. त्यांचं काय चुकलं?"

पुढच्या मंगळवारी सकाळी जिन्यात पावलं वाजली. कागद नाही, गर्दी नाही. मी दार उघडलं. मुंगी होती, टाचांना पट्ट्या बांधलेली.

"एकोणीस राहिल्यात," ती म्हणाली.

मी पुन्हा स्टूल टाकलं. तिच्या मागून, बऱ्याच अंतराने, आई चढून येत होती. गणवेश शिवून शिवून कंबर धरलेली ती बाई एका मजल्यावर दोनदा थांबत होती. सातव्यावर येऊन माझ्या स्टुलावर बसली आणि म्हणाली, "एक फेरी माझीही होऊ दे. पण भिंतीवर रेघ नको." पाणी पिऊन ती वर गेली. मुंगीने एकोणीस केल्या. त्या सगळ्या वेळात ती रडत होती, चढत होती, आणि डोळे पुसायलाही थांबत नव्हती.

यंत्र तीन महिन्यांनी आलं. उरलेली भर शाळेने घातली. त्या गुरुवारी मी तिच्याबरोबर सेवाघरात गेलो होतो. सर होते त्या पलंगावर आता एक म्हातारी होती, पूर्वी टपाल कचेरीत तिकिटं विकायची. सिस्टरने तिच्या तोंडावर मास्क धरला. यंत्राने हवा भरली, ओढली, पुन्हा भरली. म्हातारीच्या छातीतून घरघर वर आली, कफ सुटला, आणि तिच्या चेहऱ्यावर रंग आला.

तिने मुंगीकडे पाहिलं. "तू कोण गं?"

"मी असंच येते, आजी. दर गुरुवारी."

"मग ती उशी जरा वर सरकव. मघापासून सांगतेय, कोणी ऐकतच नाही."

मुंगीने एक हात तिच्या मानेखाली घातला आणि उशी वर सरकवली.