फुलांचं फडकं

पंचवटीत माझं नारळाचं दुकान आणि शेजारी नवसाबाईंची फुलांची पाटी, असा आमचा वीस वर्षांचा शेजार. मखमलाबादच्या मळ्यातून त्या रोज ओल्या फडक्यात गुंडाळून फुलं आणत. त्यांचा नियम कडक. फुलं फुकट मागा, देतील; फडकं मागाल तर सात पिढ्यांचा उद्धार करतील. गेलेलं फडकं घरी परत आलंच पाहिजे. मी त्यावरून त्यांना भरपूर चिडवायचो.

नव्व्याण्णवच्या मे महिन्यात त्यांचा जयराम, पायदळातला शिपाई, सुट्टी अर्धवट टाकून निघाला. तार आली होती. जाता जाता त्यानं पलटणीच्या देवळासाठी झेंडू मागितला. नवसाबाईंनी झेंडूच्या डागांनी केशरी झालेलं फडकं घेऊन त्यात फुलं बांधली आणि रिक्षा हलता हलता बजावलं, "फुलं कोणालाबी दे. फडकं मातर घरी आलं पायजे."

तो हसला. मीही हसलो, आणि त्या हसण्याची मला अजून लाज वाटते.

कारगिलच्या बातम्या येऊ लागल्या तसा बाजार आवाज खाली करून बोलू लागला. गिऱ्हाईकं फुलं घेताना नवसाबाईंच्या तोंडाकडे बघेनात. देवळालीकडचं एखादं हेलिकॉप्टर वरून गेलं की त्यांचा हात हारातच थांबायचा. जून संपता संपता लष्कराची जीप मळ्यावर आली.

मग चौकात भाषणं झाली. एका पुढाऱ्यानं जयरामचं नावच चुकवलं. नारळ फेकून मारावा असं वाटलं. पण पोरगा नेमका गेला कसा, ते कुणीच सांगेना.

ते सांगितलं ललितनं. हा पिंपळगावचा, जयरामच्याच तुकडीतला. वर्षभरानं कुबड्या घेऊन आला आणि माझ्या दुकानातल्या स्टुलावर बसला. नवसाबाई समोर उभ्या राहिल्या.

कड्यावर दोघे जखमी पडले होते, एक ललित आणि दुसरा एक हवालदार. जयराम धडधाकट होता. हेलिकॉप्टर आलं, पण खडकांत जागा सापडेना म्हणून परत फिरलं. खुणेच्या धुराच्या नळकांड्या संपल्या होत्या. ते दुसऱ्यांदा आलं तेव्हा जयरामनं कमरेचं केशरी फडकं सोडलं आणि उघड्या खडकावर दोन्ही हातांनी धरून उभा राहिला. वैमानिकाला जागा दिसली, वाऱ्याची दिशा दिसली. समोरच्या शिखरावरच्या शत्रूलाही दिसली. गोळे जवळ पडू लागले, तरी तो हलला नाही. हेलिकॉप्टर खडकाला जेमतेम टेकलं. त्यानं ललितला उचलून आत टाकलं, फडकं त्याच्या सदऱ्यात कोंबलं, "आईला दे" म्हणाला आणि हवालदाराला आणायला मागे धावला. तेवढ्यात एक गोळा अगदी शेजारी फुटला. हेलिकॉप्टर एकट्या ललितला घेऊन उडालं. पुन्हा फेरी मारली, पण खाली माणसं काही दिसली नाहीत.

ललितनं पिशवीतून फडकं काढलं. कडक वाळलेलं. केशरी डागांवर काळपट डाग होते. नवसाबाईंनी ते हातात घेतलं, पदरानं पुसल्यासारखं केलं.

"पुन्यांदा आलं तवा त्याच्यापाशी फडकं असतं," त्या हळू म्हणाल्या, "तर दिसला असता का?"

"नाही मावशी," ललित म्हणाला. "ढग उतरले होते."

हे तो जमिनीकडे बघत म्हणाला. ते आम्हा दोघांनाही दिसलं.

मग नवसाबाई म्हणाल्या, "मी फडकं परत मागितलं. तू परत ये, असं म्हणलेच नाय."

मी नुसता नारळ सोलत बसलो. दुपारपर्यंत सोलत बसलो.

त्यानंतर त्यांनी नियम मोडला. कोणीही मागितलं तरी फडकं देतात, परत मागत नाहीत. दोन हजार पाचला माझा मयुरेश नोकरीसाठी पुण्याला निघाला, तेव्हा घाईत त्यांची छत्री घेऊन गेला. त्या त्याच्या मागे रिक्षापर्यंत धावल्या. मला वाटलं, छत्रीसाठी. त्यांनी छत्रीचं नावही काढलं नाही. त्याचा हात धरून त्या तीनदा म्हणाल्या, "तू परत ये."