पाळकीणबाईची दुसरी मंडळी

आमची पाळकीणबाई डोळे उघडे ठेवून प्रार्थना करायची. एक हात गॅसच्या बटणावर, दुसरा आकाशाकडे आणि नजर पातेल्यावर. "डोळं मिटलं की दूध उतू जातं. देव काय उतू जात न्हाई," हे तिचं त्यावरचं धर्मशास्त्र. प्रार्थनेत विनवणी फारशी नसे. देवबापाला ती कामं सांगायची, आणि मागचं काम राहिलेलं असलं तर फैलावर घ्यायची. "कुसुमच्या पोराला नोकरी लावतो म्हनला व्हतास. पावसाळा सरला. कुठं हाय नोकरी?" मध्येच दारात कुत्रं आलं तर 'हाड' म्हणून ती पुन्हा 'आमेन'कडे वळायची.

ती माझी आई. पण संगमनेरजवळच्या आमच्या गावात सगळी मंडळी, म्हणजे आमच्या चर्चची माणसं, तिला पाळकीणबाई म्हणत. ऐकून ऐकून मीही तेच म्हणायला लागले. पप्पा पाळकसाहेब, म्हणजे चर्चचे धर्मगुरू. स्वभावाने गरीब, पण उपदेशाला उभे राहिले की नोहाचं तारू काही केल्या किनाऱ्याला लागायचं नाही. मग पाळकीणबाई उठायची आणि देवळाच्या, म्हणजे आमच्या चर्चच्या, खिडक्या एकेक करून बंद करायला लागायची. शेवटच्या खिडकीची कडी लागली की पप्पांना आमेन म्हणावंच लागे. "वचन चांगलंच हाय," ती घरी समजूत घालायची, "पन लोकांच्या भाकरी गार व्हत्यात."

अमेरिकेतल्या एका लहानशा गावातल्या चर्चला पाळक मिळत नव्हता, म्हणून मिशनच्या ओळखीतून पप्पांना विचारणा झाली. पप्पा हरखले. पाळकीणबाई लसूण सोलत होती. ती म्हणाली, "ज्यांनी आपल्याला देव दाखवला, त्यांचाच हरवला व्हय? मग त्यांच्या घरात हरवलाय तर त्यांनीच हुडकावा." पण पप्पांचा चेहरा पडलेला तिला बघवेना. चार दिवसांनी तिने स्वतःच चटणी कुटायला घेतली, आणि आम्ही जाणार हे आम्हाला त्या वासावरून कळलं. मी तेव्हा नुकतीच बारावी झाले होते. ठरलं असं की, एक वर्ष काम करायचं. मग तिथली मंडळी मत देईल, ठेवायचं की परत पाठवायचं.

तिथे बर्फ होता, पांढरं लाकडी चर्च होतं, आणि बाकांवर पांढरी डोकी होती. पहिल्या रविवारी पाळकीणबाई माझ्या कानात म्हणाली, "ही मंडळी हाय का वृद्धाश्रम?" थंडीमुळे खिडक्या आधीच बंद असत, त्यामुळे पप्पांचे उपदेश आयुष्यात पहिल्यांदा पूर्ण झाले. ते खूश होते. मंडळी हळूहळू झोपी जाई.

पाळकीणबाईचं इंग्रजी 'कम', 'सिट' आणि 'ईट' एवढंच होतं. तेवढ्यावर तिने गाव फिरायला सुरुवात केली. आमच्याकडे पाळकीणबाई दुपारी कुणाच्याही ओट्यावर जाऊन बसली तर घरच्यांना मान वाटे. तिथे आधी फोन करायचा, वेळ ठरवायची, मग जायचं. तिला हे पटेना. दार उघडलं नाही तर ती खिडकीवर टकटक करायची आणि काचेतून पिठल्याचा डबा दाखवायची. एका म्हाताऱ्याने घाबरून पोलिसांना बोलावलं. पोलीस आला. तिने त्यालाही 'सिट' आणि 'ईट' केलं.

शेवटी चर्चच्या कमिटीचे अध्यक्ष आमच्या घरी आले. उंच, ताठ, भुवयाही पांढऱ्या. पाळकीणबाईने त्यांचं नाव 'चेअरमन' ठेवलं होतं, आणि आमच्या भागात साखर कारखान्याच्या चेअरमनविषयी लोक ज्या सुरात बोलतात त्याच सुरात ती ते उच्चारायची. त्यांच्या दोन तक्रारी होत्या. न कळवता घरी येणं, आणि फोडणीचा वास, जो आमच्या घरातून थेट शेजारच्या चर्चमध्ये, उपासनेत शिरतो. मी मध्ये बसून भाषांतर करत होते.

"ते म्हणतात, इथे लोकांना प्रायव्हसी लागते."

"म्हंजी काय?"

"म्हणजे एकटं राहायचा हक्क."

"तो कशाला मागत्यात? तो तर ह्यांना फुकटच मिळालाय की!"

याचं भाषांतर मी केलं नाही. चेअरमननी तिच्या चेहऱ्यावरून ते केलं. जाताना ते स्पष्ट म्हणाले की, वर्षाअखेरीस त्यांचं मत आमच्या विरुद्ध पडेल.

तेव्हापासून दर रविवारी उपासना संपली की दोघं भांडायचे. ते इंग्रजीत, ती मराठीत, आणि दोघांनाही भाषेची अडचण कधी आली नाही. एकदा तिने त्यांना शेंगदाण्याची चटणी दिली. ते ठसकले, लाल झाले, डोळे पुसले, ही माणसाच्या खाण्याची वस्तू नव्हे असं त्यांनी सगळ्यांसमोर जाहीर केलं. पुढच्या रविवारी घरून रिकामा डबा घेऊन आले.

मतदानाला महिनाभर उरला असताना चेअरमन झोपेतच गेले.

अंत्यविधीला सगळे नीट कपडे करून आले. पेटी फुलांनी सजवलेली. चेअरमनच्या बायकोने, डोरथीबाईने, दारात उभं राहून प्रत्येकाचे हात हातात घेतले आणि आल्याबद्दल आभार मानले. ती हसतही होती. मागच्या हॉलमध्ये सँडविच मांडलेले होते. कुणाच्याही डोळ्यांत पाणी नाही. पाळकीणबाई इकडेतिकडे बघत राहिली. मग मला म्हणाली, "मानूस मेलाय का रिटायर झालाय?"

पप्पांनी वचन वाचलं. एक मिनिट शांतता पाळायची होती. पाळकीणबाई उठली, पेटीजवळ गेली, पेटीच्या कडेला धरून खाली बसली आणि तिने हंबरडा फोडला.

"आरं माज्या चेअरमना! उठ की रं! माज्या फोडनीला नावं कोन ठेवील रं आता! चटनी खाऊन ठसकायचास रं, आन पुन्यांदा डबा म्होरं करायचास रं! लबाडा, मत द्यायच्या आदी पळालास रं! आता मी भांडू कुनासंगं!"

छाती पिटून, सूर लावून, आमच्या गावात रडतात तशी ती रडत होती. खोटं अजिबात नव्हतं. बाकांवरचे लोक दगडासारखे बसले होते. त्यांना वाटत असावं, हे काहीतरी फार प्राचीन आणि पवित्र चाललंय. त्याचा अर्थ तिथे फक्त दोघांना कळत होता. मी मान खाली घातली होती, आणि वेदीजवळ उभे असलेले पप्पा डोळे घट्ट मिटून, कुणी भाषांतर विचारू नये म्हणून प्रार्थना करत असावेत.

तेवढ्यात डोरथीबाई पुढे आली. मला वाटलं, आता हाकलणार. ती पाळकीणबाईच्या शेजारी जमिनीवर बसायला गेली, गुडघे वाकेनात, म्हणून तिच्या अंगावरच कोसळली, आणि दारात आभार मानणारी ती बाई मोठ्याने रडायला लागली. मग मागे कुणीतरी हुंदका दिला. मग आणखी कुणी. त्या दिवशी सँडविच तसेच राहिले.

नंतर डोरथीबाईने मला बाजूला घेऊन विचारलं, "तुझी आई काय म्हणत होती?" सगळं सांगणं शक्य नव्हतं, म्हणून मी शेवटचं वाक्य सांगितलं, "आता मी कुणाशी भांडू?" ती ओल्या डोळ्यांनी हसली. म्हणाली, "मीही सकाळपासून त्याच काळजीत आहे."

वर्षाअखेरीस मतदान झालं. विरोधात कुणीच हात वर केला नाही. पाळकीणबाईचं मत पडलं की चेअरमन असता तर त्याने केला असता, आणि तेवढीच मजा आली असती.

मला मात्र ते गाव मानवलं नाही. मी परत आले, डी.एड. केलं, संगमनेरलाच नोकरी आणि लग्न झालं. पाळकीणबाई तिथेच राहिली. माझ्या पहिल्या बाळंतपणाला दोघं रजा काढून आले. गावच्या देवळाला तेव्हा पाळक नव्हता. देवळाची पंच मंडळी घरी येऊन पप्पांना म्हणाली, "साहेब, आता हितंच ऱ्हावा." पप्पांच्या डोळ्यांत पाणी आलं, त्यांना राहायचंच होतं. मीही मनात हिशेब मांडला होता, नात बघून पाळकीणबाई विरघळेल.

ती विरघळली. सव्वा महिना रोज माझ्या मुलीला पायांवर घेऊन न्हाऊ घातलं, मला डिंकाचे लाडू चारले, मुलीच्या नाकाला नावं ठेवली. आणि मग बॅग भरायला काढली.

मी चिडले. "मी तुझी पोटची पोरगी. तुला ती डोरथी जवळची झाली?"

तिने घडी घालता घालता शांतपणे सांगितलं, "तुला नवरा हाय. सासू हाय. शेजार हाय. हितं तुला शिंक आली तर चार बाया काढा घिऊन येत्यात. तिला कोन हाय, सांग."

पप्पा पंचांकडे गेले आणि नाही म्हणून आले. दुसऱ्या दिवशी गाडी आली. पाळकीणबाईने ड्रायव्हरला हळू चालवायचा दम दिला, माझ्या सासूला "पोरीला मेथी चारा" म्हणून बजावलं, आणि माझ्याकडे न बघता आत बसली. बघितलं असतं तर राहिली असती, हे तिलाही ठाऊक होतं आणि मलाही.

आता रविवारी व्हिडिओ कॉल येतो. आमच्याकडे संध्याकाळ, तिच्याकडे सकाळ. तिच्या स्वयंपाकघरात पाच-सहा पांढरी डोकी नाश्त्याला बसलेली असतात, न कळवता आलेली. डोरथीबाई कॅमेऱ्यात नाक खुपसून माझ्या मुलीला 'नात' म्हणून हाक मारते. तिच्या तोंडी त्याचं 'नाट' होतं. सुरुवातीला मला फार राग यायचा. पण आता मुलगी त्या हाकेला हसते, हात पुढे करते, आणि मी फोन तिच्या तोंडाजवळ धरते.